जिवाची मुंबई, लेखणीची मुंबई

१

आमच्या शाळेची सहल दर दोन-तीन वर्षांनी मुंबईला जाते. एस.टी.ची गाडी ठरवायची, रात्रीची जेवणे उरकून निघायचे, उजाडता उजाडता दादर गाठायचे, दोन दिवस मुंबई पाहायची आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावी परतायचे, असा तिचा शिरस्ता आहे. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात निबंधाचा तास येतो. फळ्यावर विषय लिहिला जातो : 'आम्ही पाहिलेली मुंबई'. मग चाळीस वह्या माझ्या टेबलावर येऊन पडतात.

या चाळीस वह्यांत मुंबई एकच असते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची भव्य इमारत, गेटवे ऑफ इंडिया, समोरचे ताजमहाल हॉटेल, मलबार टेकडीवरचा म्हातारीचा बूट, राणीची बाग आणि तेथले पेंग्विन, शेवटी चौपाटीवरची भेळ. क्रम बदलत नाही, विशेषणेही बदलत नाहीत. इमारती 'भव्य' असतात, समुद्र 'अथांग' असतो, माणसे 'घड्याळाच्या काट्यावर धावणारी' असतात. शेवटचे वाक्य 'ही सहल आम्ही कधीच विसरणार नाही' असे असते. मी दहापैकी सात, कोणाला साडेसात असे गुण देतो. अक्षर चांगले असेल तर आठ.

काही वर्षांपूर्वीच्या सहलीत मात्र एक वही निराळी निघाली. त्या मुलाच्या निबंधात गेटवे एका ओळीत उरकला होता आणि पुढची दीड पाने एका हॉटेलच्या मागच्या दाराला दिली होती. मला प्रसंग आठवला. समुद्रकाठी मुले फोटो काढण्यात दंग असताना तो माझ्याजवळ आला होता आणि हळूच म्हणाला होता, "सर, मोठ्या हाटेलाचं मागलं दार कुठं असतंय?" त्याचा मामा तिथल्याच एका हॉटेलात कपडे धुण्याच्या खात्यात कामाला होता. मी एका शिक्षकांना सोबत दिले आणि 'दहा मिनिटांत परत या' अशी ताकीद दिली. वहीत त्या दहा मिनिटांचे वर्णन होते. मागच्या गल्लीत भाजीचा टेम्पो उभा होता, बर्फाच्या लाद्या उतरत होत्या, पहारेकरी नाव विचारून आत निरोप धाडत होता. मामा ओल्या हातांनी बाहेर आला. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. "आईचं गुडघं कसं हाय?" एवढेच त्याने विचारले, भाच्याच्या खिशात पन्नासाची नोट कोंबली आणि तो आत गेला. मुलाने पुढे लिहिले होते की, मामाने आपल्याला आत नेले नाही, कारण त्यालाही पुढच्या बाजूला जायची परवानगी नव्हती.

मी त्या दीड पानावर तांबड्या शाईने उभी रेघ ओढली आणि समासात शेरा लिहिला : 'विषयांतर'. दहापैकी चार गुण दिले.

त्या शेऱ्याविषयी मला आज लिहावयाचे आहे. तो केवळ एका पोराच्या वहीवर मारलेला शेरा नव्हता. शहर 'पाहणे' म्हणजे काय, आणि पाहिलेले शहर लिहिणे म्हणजे काय, याविषयीची माझी सारी समजूत त्या एका शब्दात होती. ती समजूत माझ्या एकट्याची आहे असेही मला वाटत नाही.

२

समीक्षेची परिभाषा मला फारशी अवगत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. वाचले ते हौसेने आणि लिहिले ते गरजेने. तेव्हा दुसऱ्यांच्या पुस्तकांविषयी बोलण्यापूर्वी स्वतःच्या पुस्तकाची झडती घ्यावी हे बरे.

माझ्या दुसऱ्या कादंबरीचा नायक गावची जमीन फुटल्यावर मुंबईला जातो. तीन प्रकरणे मुंबईत घडतात. ती लिहिताना मी मुंबईत एका नातेवाइकांकडे चार दिवस राहिलो होतो, वहीत टिपणे काढली होती. प्रकरणे जमली असे मला वाटले आणि एकदोन परीक्षणांतही 'मुंबईचे जिवंत चित्रण' असे शब्द आले. पुढे लालबागच्या एका वृद्ध वाचकांचे पत्र आले. ते गिरणीत साचेवाले होते. त्यांनी कादंबरीची स्तुती केली होती आणि शेवटी अगदी सौम्यपणे विचारले होते : 'तुमचा नायक मुंबईत सात महिने राहतो, पण तो एकदाही पाणी भरत नाही, पास काढत नाही, संडासाच्या रांगेत उभा राहत नाही आणि खानावळीचे पैसे थकवत नाही. मरीन ड्राइव्हवर मात्र तो तीनदा जाऊन बसतो. हे कसे?'

मी कादंबरी पुन्हा उघडून पाहिली. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझा नायक पोट भरण्यासाठी मुंबईला गेला होता, आणि मी त्याला सहलीला नेले होते. तो ताजमहाल हॉटेलपुढे उभा राहून स्वतःच्या दारिद्र्याचा विचार करतो असा एक प्रसंग आहे. तो लिहिताना मला गहिवर आला होता. आता तोच प्रसंग मला चाळीस वह्यांतल्या एकीतून उतरवून घेतल्यासारखा वाटला. पोटामागे धावणारा माणूस त्या हॉटेलपुढे उभा राहील तो कधी? तिथे काम मागायला गेला तर, आणि तेव्हा तो पुढच्या बाजूला उभा राहणार नाही. माझ्या विद्यार्थ्याला ठाऊक होते ते मला ठाऊक नव्हते.

येथे एक तक्रार लगोलग पुढे येईल. लेखकाने अनुभव घेतलेलेच लिहावे असा नियम केला तर कादंबरी उरणार नाही. हे मला मान्य आहे. माझा मुद्दा अनुभवाच्या मुदतीचा नाही. चार दिवस राहून लिहिले हा माझा दोष नव्हे. चार दिवसांच्या नजरेला मी सात महिन्यांचे नाव दिले हा दोष. प्रवाशाची नजर मी रहिवाशाच्या डोळ्यांत बसवली आणि वाचकाला त्याचा सुगावा लागू दिला नाही.

३

प्रवाशाच्या नजरेला शहरात पहिल्यांदा काय दिसते? खुणेच्या वास्तू दिसतात. त्या तशा दिसाव्यात म्हणूनच बहुधा बांधलेल्या असतात. गेटवे ऑफ इंडियाचेच पाहा. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज बादशहा आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले त्या घटनेची ही खूण. तिचा पायाभरणीचा समारंभ १९१३ च्या मार्चमध्ये झाला आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे ज्या पाहुण्यासाठी कमान उभारली तो तिच्याखालून आलाच नव्हता. तो येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दार तयार झाले. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतून बोटीवर चढली. स्वागतासाठी बांधलेल्या दाराचा खरा उपयोग निरोपाला झाला. एवढा नाट्यमय इतिहास असलेली वास्तू आमच्या वह्यांत 'भव्य' या एका शब्दात आटपते.

हुतात्मा चौकाची गोष्ट याहून वाईट. जुने फ्लोरा फाउंटन १८६४ सालचे. त्याच्या परिसरात १९५५ च्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. ज्या राज्यात आमची शाळा आहे, ते राज्य त्या रस्त्यावर मागितले गेले. पण कारंज्याची रोमन देवता फोटोत अधिक चांगली येते, त्यामुळे मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार बहुतेक वह्यांत नसतात. दोष मुलांचा नाही. मीच गाडीतून बोट दाखवत 'हे पाहा, हे पाहा' म्हणत गेलो. मार्गदर्शकाचे बोट जिथे थांबते तिथे पाहणाऱ्याची नजर थांबते.

याच्या उलट एक जुने उदाहरण आपल्या भाषेत आहे, आणि ते एका शाळामास्तराचे आहे याचा मला थोडा अभिमान वाटतो. गोविंद नारायण माडगांवकर यांचा जन्म १८१५ चा. लहानपणी ते गोव्याहून मुंबईस आले आणि मिशनच्या शाळेत शिकवू लागले. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली छापले गेले. रेल्वे सुरू होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती, कोटाच्या भिंती पाडण्याचे घाटत होते, अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाच्या पैशाचा पूर यावयास लागला होता. आज आपण ज्या वास्तू पाहायला जातो त्यांतली जवळजवळ एकही तेव्हा उभी नव्हती. गेटवे नाही, राजाबाई टॉवर नाही, बोरीबंदरची इमारत नाही, ताज नाही. तरी या गृहस्थाला मुंबईविषयी एक जाडजूड ग्रंथ लिहावासा वाटला आणि लिहिण्यासारखे त्याला पुरून उरले!

त्याने पाहिले काय? बाजार पाहिले, दुकाने पाहिली, तळी आणि विहिरी पाहिल्या, देवळे-मशिदी-देवळांचे उत्सव पाहिले, कोणत्या जातीचे लोक कोणता धंदा करतात ते पाहिले, रस्ते कसे होते आणि कसे झाले ते पाहिले. वर्णन करता करता तो माणसांना विचारत असावा असे पानोपानी वाटते. ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. इंग्रजी राज्याने घडवलेल्या सुधारणांपुढे तो फार लवकर हात जोडतो. पुष्कळ ठिकाणी वर्णनाची यादी होते, आणि दीड-दोन तास वाचूनही एखादा माणूस नावागावानिशी डोळ्यांपुढे उभा राहत नाही. परंतु शहर म्हणजे पाहण्याच्या वस्तूंचा संच नसून तेथे रोज चाललेले व्यवहार आहेत, ही जाण त्याला होती. आमच्या आजच्या मराठी प्रवासवर्णनांतील किती पुस्तकांत त्या शहरात शेरभर तांदळाला काय पडते, पाणी कोठून येते, मेलेल्याला कोठे नेतात, हे सापडते?

बोरीबंदर स्थानकापाशी उभे राहून मी अलीकडे हाच विचार करत होतो. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावरून १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत ती इमारत झाली. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्रवासी तिच्याकडे तोंड करून उभा असतो. त्याच क्षणी हजारो माणसे तिच्या पोटातून बाहेर पडून तिच्याकडे पाठ करून चालत असतात. लेखकाने कोणत्या दिशेला तोंड करायचे? दोन्हीकडे, असे म्हणणे सोपे आहे. मान वळवण्याचे कष्ट मात्र थोडेच घेतात.

४

वास्तू पाहून झाल्या की चोखंदळ प्रवासी वस्त्या पाहू लागतो. 'आम्ही नेहमीची ठिकाणे पाहत नाही, खरी मुंबई पाहतो,' असे तो सांगतो. गिरगावातली खोताची वाडी, वाळकेश्वरचे बाणगंगा तळे, भायखळ्याच्या चाळी, आणि गेल्या वीसेक वर्षांत पैसे भरून पाहावयाची धारावीसुद्धा. हा प्रवासी पहिल्यापेक्षा पुढे गेला असे आपल्याला वाटते. मला खात्री वाटत नाही. वास्तू निदान पाहिल्या जाण्यासाठी उभी असते. चाळीतल्या दाराशी भांडी घासणारी बाई पाहिली जाण्यासाठी बसलेली नसते. तिच्याकडे वास्तूकडे पाहावे तसे पाहिले, की पाहणाऱ्याच्या हातून काही तरी बिघडते.

मराठीत ही तुलना करायला एक सुरेख सोय आहे. मुंबईवर दोन लावण्या आहेत. एक पठ्ठे बापूरावांची आणि दुसरी अण्णा भाऊ साठ्यांची. बापूरावांची मुंबई ही बाहेरून आलेल्या कलावंताने डोळे विस्फारून पाहिलेली नगरी आहे. एकामागून एक स्थळे येतात, नवलाई येते, थाट येतो, आणि ऐकणारा गावकरी बसल्या जागी मुंबईची फेरी करून येतो. तमाशाच्या फडात हे काम मोलाचे होते. अण्णा भाऊ आमच्याच वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे. लहानपणी ते बापाबरोबर पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांनी तोच साचा घेतला आणि बापूरावांनी जिथे शहर शेजारी शेजारी मांडले होते तिथे ते वर आणि खाली मांडले. मलबार टेकडी आणि परळ यांची नावे दोन्ही प्रकारच्या मुंबईत येतील. अण्णा भाऊंच्या मुंबईत त्या दोन नावांमध्ये चढ आहे, आणि तो चढ कोणाच्या पाठीवरून जातो हेही ऐकणाऱ्याला कळते. सहलीची यादी आणि साहित्य यांतला फरक मला याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

पण म्हणून आत राहिलेल्यानेच लिहावे आणि बाकीच्यांनी गप्प बसावे असा निष्कर्ष मी काढणार नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याची प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. तेंडुलकर मुंबईत जन्मलेले, मुंबईवर लिहून नाव मिळवलेले. तरी त्या प्रस्तावनेत त्यांनी आपण या जगाला परके आहोत हे लपवले नाही. ढसाळांना बरोबर घेऊन त्या वस्तीत रात्री हिंडल्याचे त्यांनी सांगितले आणि कवितांतले कोणते शब्द आपल्याला कळले नाहीत तेही सांगितले. ज्या शहरावर लिहून नाव मिळवले त्याच शहराच्या एका भागात जाताना हा मोठा लेखक पाहुणा होऊन गेला, आणि पाहुणेपणाची कबुली त्याने छापून दिली. माझ्या तीन प्रकरणांत ही एक ओळ असती तर लालबागच्या आजोबांना पत्र लिहावे लागले नसते.

५

आता हॉटेलांकडे वळतो. 'हॉटेल' हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला, पण त्याचा अर्थ आपल्या सोयीने बदलून घेतला. आमच्या गावात हॉटेल म्हणजे चहा-भज्याची जागा. मुक्काम करतात तो लॉज. मुक्कामाचे मोठे हॉटेल हे आमच्या अनुभवात नसतेच, म्हणून ते आमच्या लेखनात फक्त बाहेरून येते.

मुंबईच्या इतिहासात मात्र हॉटेलांना मोठी जागा आहे. काळा घोड्याजवळचे वॉटसन्स हॉटेल १८६० च्या दशकात इंग्लंडातून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभे राहिले. त्याच हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, आणि हिंदुस्थानात सिनेमा आला. १९०३ च्या डिसेंबरात ताजमहाल हॉटेल उघडले. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी १ ऑगस्ट १९२० रोजी देह ठेवला.

याच वॉटसन्समध्ये १८९६ च्या सुरुवातीस मार्क ट्वेन उतरला होता. पुढच्या वर्षी निघालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने मुंबईतला एक प्रसंग सांगितला आहे. हॉटेलातल्या खोलीचे दार नीट करून घेण्याच्या वेळी एका धिप्पाड जर्मन माणसाने, काय चुकले हे न सांगताच, नोकराच्या तोंडात मारली. नोकर निमूटपणे कामाला लागला. ट्वेनला त्या क्षणी स्वतःचे बालपण आठवले. अमेरिकेतल्या त्याच्या गावी गुलामांना अशाच रीतीने समज दिली जात असे, आणि त्याच्या वडिलांनीही घरच्या गुलाम पोरावर हात उगारला होता. पन्नास वर्षे आणि अर्धी पृथ्वी ओलांडून ती आठवण मुंबईतल्या एका खोलीत परत आली. तीत त्याने स्वतःच्या घरालाही वगळले नाही.

हा प्रसंग मी ज्या दिवशी वाचला त्या दिवशी मला माझ्या तांबड्या रेघेची खरी लाज वाटली. ट्वेन पक्का प्रवासी होता. व्याख्याने देत जगभर हिंडत होता, उत्तम हॉटेलात उतरत होता, मुंबईत त्याचे दिवस मोजके होते. त्याला कोणत्याही चाळीत जावे लागले नाही. शहराचे मर्म हॉटेलाच्या खोलीतच होते. जो मनुष्य दार दुरुस्त करायला आला त्याच्याकडे त्याने पाहिले, इतकेच. माझ्या विद्यार्थ्याने मागच्या दाराशी जाऊन हेच पाहिले होते. तेरा वर्षांच्या त्या पोराला ट्वेनचे नावही ठाऊक नव्हते.

आणि ज्यांना हॉटेल परवडत नव्हते त्यांची मुंबई जेवली कोठे? खानावळीत. गिरणगावात घाटावरून आणि कोकणातून आलेले एकटे पुरुष दाटीवाटीने गाळ्यांत राहत आणि कोणा एका बाईकडे महिन्याच्या हिशेबाने जेवत. ती बाई बहुधा त्यांच्यासारखीच गावाहून आलेली असे. पगार होईपर्यंत वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांची संघटना बांधली, ते अन्नपूर्णा महिला मंडळ. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांना जेवू घालणाऱ्या चुलीही अडचणीत आल्या. आज त्यांतल्या अनेक गिरण्यांच्या जागी दुकानांचे महाल आहेत, कचेऱ्यांचे मनोरे आहेत आणि मोठी हॉटेलेही आहेत. माझ्या कादंबरीत ताज आहे, खानावळ नाही. एखाद्या समीक्षकाने माझ्या पुस्तकाविषयी एवढे एकच वाक्य लिहिले असते तरी ते पुरेसे झाले असते.

६

येथवर प्रवाशाच्या नजरेला मी बरेच बोल लावले. आता त्या नजरेची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर हा लेख म्हणजे उलट्या दिशेने मारलेली तांबडी रेघ होईल.

रहिवाशाला शहर दिसत नाही, हेही तितकेच खरे आहे. माझे नातेवाईक तीस वर्षे मुंबईत आहेत. घारापुरीला ते मी बरोबर गेलो तेव्हा पहिल्यांदा आले. रोजच्या जाण्यायेण्याने डोळ्यांवर घट्टे पडतात. पहिल्या नजरेला जे दिसते ते दुसऱ्या नजरेला दिसत नाही. आमच्या सहलीतल्या एका मुलीने चौपाटीवर ओंजळीत पाणी घेऊन चाखले आणि तोंड वाकडे करून म्हणाली, "खरंच खारट हाय की!" पुस्तकातले वाक्य खरे निघाल्याचा तो आनंद होता. समुद्राकाठी जन्मलेल्या मुलाला तो कधी मिळायचा नाही. ही नवलाई साहित्यातून काढून टाकली तर मागे हिशेबाच्या वह्या उरतील.

तेव्हा प्रश्न नवलाई असावी की नसावी असा नाही. नवलाई कोणाची आहे, आणि ती वाटणारा मनुष्य तिथे कसा पोचला, हे लिहिणाऱ्याने सांगावे. आपल्याकडची चांगली प्रवासवर्णने हे सांगतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देश पाहावा म्हणून नव्हे. घरी कर्ज होते आणि ग्वाल्हेरकडे मोठी दक्षिणा मिळेल असे ऐकले होते. 'माझा प्रवास' या त्यांच्या पुस्तकात झाशी शहराची शोभा येते, आणि वेढ्यानंतरचा तिचा विध्वंसही येतो. तो वाचताना अंगावर काटा येतो याचे एक कारण असे की, हा मनुष्य कमरेला किती पैसे बांधून हिंडत होता आणि ते कसे गेले, हे त्याने आपल्याला आधीच सांगितलेले असते. त्याच्या डोळ्यांवर आपला विश्वास बसतो, कारण त्याची थैली आपण पाहिलेली असते.

पंडिता रमाबाईंच्या १८८९ च्या पुस्तकाचे नावच लक्षात घेण्यासारखे आहे : 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. त्यांनी त्या देशाची वाहवा मनापासून केली, पण तेथल्या मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना कसे वागवले जाते याकडे डोळेझाक केली नाही. अनंत काणेकरांच्या १९४० च्या पुस्तकाचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' हे नाव लेखकाचा कल मुखपृष्ठावरच सांगून टाकते. वाचक त्या कलाशी भांडू शकतो, फसत मात्र नाही. आणि १९६० च्या 'अपूर्वाई'त पु. ल. देशपांडे विलायतेला गेले ते आपले गोंधळलेपण बरोबर घेऊन. तेथे हसे होते ते बहुतेक वेळा पाहणाऱ्याचे.

ही चार पुस्तके एकमेकांपासून फार दूरची आहेत. त्यांत समान काय असेल तर एवढेच, की लिहिणारा स्वतःला चित्राबाहेर ठेवत नाही. तो कोणाच्या पैशाने आला, त्याला दार कोणी उघडले आणि त्याला काय कळले नाही, यांतले काही ना काही आपल्याला समजते. प्रवासवर्णन वाचताना, आणि कादंबरीतले शहर वाचतानाही, मी हल्ली या तीन गोष्टी शोधतो. त्या सापडल्या नाहीत तर लेखनात शैली कितीही असो, आपण मार्गदर्शकाच्या बोटामागे चाललो आहोत असे मला वाटू लागते.

'जिवाची मुंबई करणे' हा वाक्प्रचार मुंबईकरांनी बनवला असेल असे वाटत नाही; तो गावाकडच्या माणसाचा दिसतो. खिशात चार पैसे घेऊन येणाऱ्याची चैन त्यात आहे. त्यात गैर काही नाही. पण त्याच गावातला दुसरा माणूस त्याच गाडीने मुंबईला जात होता आणि जिवाचे पाणी करत होता. दोघांनी मुंबई पाहिली. आपल्या साहित्यात पहिल्याची मुंबई दुसऱ्याच्या तोंडी फार वेळा घातली गेली, आणि ती घालणाऱ्यांत मी एक आहे.

७

प्रकाशक माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढू म्हणतात. ती तीन प्रकरणे पुन्हा लिहावीत असे प्रथम वाटले. पण पाणी भरण्याचा आणि पास काढण्याचा एकेक प्रसंग चिकटवून ती खरी होणार नाहीत. ते पुन्हा सहलीच्या यादीत दोन स्थळे वाढवण्यासारखे होईल. मी ती तशीच ठेवून लालबागच्या आजोबांचे पत्र, त्यांचे नाव न देता, प्रस्तावनेत सांगणार आहे. वाचकाने काय ते ठरवावे.

त्या मुलाचे शिक्षण संपले. तो आता कोठे कारखान्यात आहे असे ऐकतो. वही त्याच्याकडेच गेली. चाराचे आठ करण्याची सोय राहिलेली नाही.

यंदा डिसेंबरात पुन्हा मुंबईची सहल आहे. परवा वर्गात विचारले, 'मुंबईत ज्यांचे कोणी नातेवाईक आहेत त्यांनी हात वर करा.' निम्म्याहून अधिक हात वर गेले. कोणाचा काका टॅक्सी चालवतो, कोणाची आत्या परळला राहते, कोणाचा भाऊ माथाडीत आहे. इतकी वर्षे आमची गाडी या सगळ्यांच्या दारांवरून पुढे गेली होती. दुसऱ्या दिवशीची दुपार मी मोकळी ठेवली आहे. ज्यांना जमेल त्या नातेवाइकांनी मुक्कामाच्या जागी यावे असे कळवले आहे. त्यासाठी म्हातारीचा बूट वेळापत्रकातून गाळावा लागला. मुले त्यावर नाराज आहेत, आणि त्यांची नाराजी मला पटते. अजून महिना हाताशी आहे. बूटही पाहता येईल आणि मामाही भेटेल, असे काही जुळते का ते वेळापत्रक पुढ्यात घेऊन पाहतो आहे.